शीतकेंद्राची जागा: द्राक्षांचे उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड या तालुक्यांत द्राक्षांची तोडणी सुरू झाली की प्रत्येक पेटीचे भवितव्य पहिल्या काही तासांतच ठरते. घड वेलीवरून उतरला तरी फळाचे श्वसन थांबत नाही. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. देठातील ओल उडते, तो तपकिरी पडतो, मणी गळू लागतात आणि चवीत काही उणे नसतानाही भाव कोसळतो. वर्षभराच्या मेहनतीचे मोल असे देठावर अवलंबून असते. म्हणून तोडणी सकाळच्या गारव्यात करून चार ते सहा तासांच्या आत मालाचे पूर्वशीतकरण करावे लागते. पुढे तो सुमारे ० अंश तापमानात, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात.

पहिल्या केंद्राची जागा या तासांवरूनच ठरते. नकाशावर वर्तुळ काढून हे काम भागत नाही. तोडणी, प्रतवारी व पेट्या भरणे यांतच बराचसा अवधी सरतो. वाहतुकीला थोडाच वेळ उरतो, आणि तोही शिवाररस्त्यावरचा. १९९१ साली स्थापन झालेल्या ‘महाग्रेप्स’ने पूर्वशीतकरणाची सोय उत्पादक भागातील सहकारी संस्थांमार्फत केली, ती योग्यच होती.

शहराला माल पुरविणाऱ्या वितरण केंद्राचे गणित मात्र निराळे आहे. तेथे माल थंड होऊनच येतो. वातानुकूलित वाहनातील लांबचा प्रवास त्याला सोसतो. खर्च व धोका वाढतो तो लहान वाहनांच्या फेऱ्यांत, कारण प्रत्येक थांब्यावर दार उघडते आणि उष्णता आत शिरते. सबब हे केंद्र शहराच्या वेशीवर हवे. मुंबई-आग्रा महामार्गावरील भिवंडी मुंबईसाठी सोयीची आहे. निर्यातीच्या मालाला मात्र तेथे थांबण्याचे कारण नाही. तो बागेजवळच्या शीतगृहातून थेट न्हावा-शेवा बंदराकडे जावा.

अनेक बाजारपेठांना माल पुरवायचा असल्यास प्रत्येकीच्या मागणीला तिच्या टनांप्रमाणे वजन देऊन मध्यबिंदू काढतात. पद्धत उपयुक्त आहे. पण असा बिंदू खाडीतही पडू शकतो! जमीन पुराच्या पाण्यापासून सुरक्षित आहे काय, अवजड वाहन वळेल एवढा रस्ता आहे काय, हे प्रत्यक्ष पाहावेच लागते. त्याहून महत्त्वाची वीज. भारनियमन होणाऱ्या वाहिनीवर केंद्र उभारले की डिझेलचा खर्च जमिनीच्या किमतीतील बचत गिळून टाकतो.

राहिला हंगामाचा प्रश्न. द्राक्षे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात येतात. उरलेले महिने शीतगृह रिकामे राहिल्यास कर्जाचे हप्ते फिटणे कठीण. पिंपळगाव बसवंतसारख्या ठिकाणी टोमॅटोची मोठी आवक असल्याने ही अडचण कमी होते. तथापि द्राक्षांच्या कक्षात टोमॅटो किंवा केळी ठेवता येत नाहीत. केळ्यांना सुमारे १३ अंश तापमान लागते; ० अंशाला त्यांची साल काळी पडते. स्वतंत्र तापमानाचे दोन-तीन कक्ष बांधण्याइतकी जागा म्हणूनच आरंभीच घ्यावयास हवी.