नको वाटलेली ओळ

मी कर्नलमधली एक ओळ पुसली आणि वसईतल्या आमच्या होळी भागापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या एका सोसायटीत, पंप चालवणाऱ्या तात्यांवर पाणी विकल्याचा आळ आला. या दोन गोष्टींचं नातं ध्यानात यायला मला पाच महिने लागले. वसई-विरार पट्ट्यातली बरीच पोरं हल्ली याच कामात शिरताहेत. कुणी गाडीचे ट्रॅकर करतं, कुणी मीटर, कुणी दुकानातली बिलाची यंत्रं. त्यातल्या कित्येक यंत्रांच्या पोटात लिनक्सचा कर्नल असतो. त्या पोरांसाठी हे लिहून ठेवतो.

आमची कंपनी अंधेरीला, माणसं मोजून अकरा. सोसायटीच्या मुख्य नळावर बसवायचा एक डबा आम्ही बनवायचो. नळातल्या मीटरमधून दर दहा लिटरला एक ठोका यायचा, डबा तो मोजायचा आणि आकडा मोबाइलच्या सिमवरून पाठवायचा. डब्यात लिनक्स. लिनस टॉरवाल्ड्सने 1991 साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना सुरू केलेली, युनिक्सच्या वळणाची ही व्यवस्था आज मोबाइलपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे आहे. तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आमची ठोके मोजणारी चिप कळावी म्हणून एक ड्रायव्हर लागतो. तो चिपवाल्यांनी दिला होता. मी तो सांभाळायचो.

तो ड्रायव्हर दिसायला गबाळा होता. आणि मला साफसफाईचा सोस. एका शनिवारी मी ती फाईल धुवायला काढली. न वापरलेली नावं काढली, समास सारखे केले. मग एक ओळ दिसली. चिपच्या एका रजिस्टरमधून आकडा वाचायचा आणि काहीच करायचं नाही, टाकून द्यायचा. वर ना टीप, ना खुलासा. माझी पिढी सी भाषा शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून. त्या शिकण्यातून मनात पक्कं बसलेलं, की वाचलं आणि वापरलं नाही तर ते वाचणं फुकट. ओळ उडवली. कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, संदेशात एकच शब्द लिहिला: साफसफाई.

सोमवारी टेबलावर तपासलं. यंत्रानं दहा हजार ठोके दिले, डब्यानं दहा हजार मोजले. एक कमी नाही, एक जास्त नाही. जानेवारीत डबे लागले.

फेब्रुवारीत त्या सोसायटीचे खजिनदार ऑफिसात आले, वही घेऊन. मुख्य नळाचा आमचा आकडा आणि सगळ्या विंगच्या साध्या मीटरांची बेरीज यांत रोज तीन-चार टक्क्यांचा फरक पडत होता. पाणी येतं, पण घरांत पोचत नाही. मला विचारलं, तुमचा डबा चुकतो का? मी टेबलावरच्या चाचणीचा कागद दाखवला. डबा बरोबर आहे म्हणून सांगितलं, वर सहीही केली. मग उरले कोण? रात्री व्हॉल्व ज्यांच्या हातात असतो ते. मार्चमध्ये तात्यांना जायला सांगितलं.

मे महिन्यात टँकर सुरू झाले आणि गंमत झाली. दहा हजार लिटरचा टँकर रिकामा झाला की आमचा डबा दहा हजार चारशे दाखवायचा. खजिनदारांचा फोन आला. ते म्हणाले, “अहो, टँकरवाला कमी देईल, जास्त कुठून देईल?”

या प्रश्नावर मी तिथंच थांबायला हवं होतं. पण हाताशी एक सोयीचं उत्तर होतं: हवा. पाणी ठरावीक वेळी सुटतं तिथं नळात आधी हवा येते, मीटरची चकती तिच्यानंही फिरते. हे खरंच होतं, म्हणून तर ते उत्तर घातक. मी वरच्या प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली, की आलेल्या आकड्यातून चार टक्के वजा करा. त्या सोसायटीचा हिशेब जुळला. दुसऱ्या इमारतीत मात्र पाणी कमी दिसू लागलं, तिसरीत तरीही जास्तच. हवा काय इमारत बघून वागते? तेव्हा कुठे मी ड्रायव्हरकडे वळलो.

टेबलावर दोष दिसेना. दोन दिवस गेल्यावर उमगलं, की माझं टेबल आणि सोसायटीचं पंपघर यांत एक फरक आहे. टेबलावर मी प्रत्येक ठोक्याला लॉगमध्ये एक ओळ छापत होतो, विकायच्या डब्यात ती बंद होती. ती ओळ सिरिअल तारेवरून जायची, 1,15,200 च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला साडेअकरा हजार अक्षरं. चाळीस अक्षरांना साडेतीन मिलिसेकंद. माणसाला ते काहीच नाही, प्रोसेसरला तेवढ्यात लाखो कामं होतात. लॉग बंद केला, सिमचा मोडेम चालू ठेवला आणि दहा हजार ठोके दिले. डबा म्हणाला, दहा हजार तीनशे बासष्ट.

मग बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचं बायसेक्ट. चांगला आणि वाईट असे दोन टोकांचे कमिट सांगायचे, गिट मधला काढून देतं, तपासायचं, अर्धं फेकायचं, पुन्हा मधला. आमचे साठेक कमिट होते, सहा फेऱ्यांत काम झालं. मुख्य कर्नलच्या एकेका आवृत्तीत दहा हजारांहून जास्त कमिट असतात, तिथंही चौदाएक फेऱ्या पुरतात. सहाव्या फेरीला पडद्यावर आलं ते माझंच नाव आणि तो एक शब्द, साफसफाई.

झालं होतं असं. ठोका आला की चिप इंटरप्टची तार वर करते. ड्रायव्हर चिपला लिहून कळवतो, “मिळाला, तार खाली कर,” आणि मोजणीत एक मिळवतो. पण प्रोसेसरनं लिहिलं म्हणजे चिपपर्यंत पोचलं असं नसतं. लिहिलेलं मधल्या बसमध्ये वाटेवर असतं आणि प्रोसेसर पुढच्या कामाला लागतो. रिक्षावाल्याजवळ निरोप दिला म्हणून तो घरी पोचला असं होत नाही, तसं. निरोप वाटेत असतानाच ड्रायव्हर आपलं काम आटपून बाहेर पडायचा. तार अजून वरच, म्हणून कर्नल त्याला पुन्हा बोलवायचा. एक ठोका, मोजणी दोन. वाचणं मात्र वेगळं. वाचायला गेलं की उत्तर हातात येईपर्यंत प्रोसेसरला थांबावं लागतं, आणि त्याआधी आपण लिहिलेलं चिपपर्यंत पोचलेलं असतं. ती “फुकट” वाचणारी ओळ निरोपाची पोच घेत होती. लॉगची ओळ नकळत तेच करत होती, नुसता वेळ काढून. मोडेमची बसवर गर्दी असली की निरोपाला जास्त उशीर, म्हणून प्रत्येक इमारतीचा टक्का निराळा.

हे काही गुपित नव्हतं. कर्नलसोबत येणाऱ्या कागदपत्रांत साफ लिहिलंय, की बसवर केलेलं लिखाण लगेच पोचत नाही, यात कित्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हात पोळून घेतलेत, पोचल्याची खात्री हवी तर त्याच चिपवरून काहीतरी वाचा. मी ते वाचलं जूनमध्ये.

आमच्याकडे वाड्यांत बावखलं असायची. गोड्या पाण्याची मोठी खोदीव डबकी म्हणा, केळीच्या बागांना त्यांचंच पाणी. नळ आले, बागा आटल्या, मग बावखल म्हणजे नुसती डासांची जागा वाटू लागली. कितीतरी भराव घालून बुजवली. बुजवणाऱ्याच्या दृष्टीनं ती जागा काहीच काम करत नव्हती. पावसाचं पाणी ती पोटात घेत होती आणि खालचं खारं पाणी दाबून ठेवत होती, हे दिसायला पाऊस यावा लागतो. 2018 च्या जुलैत वसई-विरार दिवसेंदिवस पाण्यात होतं. सगळा दोष बावखलांच्या माथी मारत नाही, नाले आणि खाजणंही बुजलीच की. पण त्या ओळीचं खरं काम कळलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आमच्या मागल्या वाडीतलं बुजवलेलं बावखल.

माझ्याहून थोर लोकांनीही हे केलंय. डेबियन या लिनक्सच्या वितरणात 2006 साली ओपनएसएसएलच्या रँडम आकडे बनवणाऱ्या भागातून अशाच ओळी काढल्या गेल्या. दोष शोधणारं वॅलग्रिंड नावाचं साधन त्यांच्यावर कुरकुर करत होतं, म्हणून. काढण्याआधी विचारपूसही झाली होती. पण त्यातली एक ओळ यादृच्छिकपणा आत ओतणारी निघाली. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त 32,768 शक्यता. मे 2008 मध्ये हे उघड झालं आणि मधल्या काळात बनलेल्या किल्ल्या जगभर फेकून द्याव्या लागल्या. खुद्द कर्नलमध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष 2016 च्या ऑक्टोबरात दुरुस्त झाला. त्यावर टॉरवाल्ड्सने स्वतः 2005 साली एक उपाय घातला होता. आयबीएमच्या एस 390 यंत्रांवर अडचण आली म्हणून तो मागे घेतला गेला, आणि भोक अकरा वर्षं राहिलं.

म्हणून आता ओळ पुसायची झाली तर मी आधी गिट ब्लेमला विचारतो, कुणी आणि कधी घातली. आमच्या बाबतीत त्यानं हात वर केले असते, कारण चिपवाल्यांची सगळी फाईल एकाच कमिटमध्ये येऊन पडली होती. असं असेल तर मुख्य कर्नलमध्ये त्याच जातीच्या चिपचे ड्रायव्हर उघडून बघा. तिथं हीच ओळ तीन-चार ठिकाणी टिपेसकट सापडते. तरीही कारण मिळालं नाही तर ओळ राहू द्या. दिसायला वाईट दिसेल, दिसू दे. आणि हार्डवेअरच्या रजिस्टरबाबत सीचे कॉलेजातले नियम विसरा. काही रजिस्टरं अशी असतात की नुसती वाचली तरी आतली नोंद पुसली जाते.

लॉगची ओळ टाकल्यावर बग पळून गेला, तर आनंद मानू नका. तोच पुरावा आहे की भांडण वेळेचं आहे. मी आता अशा जागी ट्रेस प्रिंटके वापरतो, तो स्मृतीत लिहून ठेवतो, तारेची वाट बघत नाही. आणि विकायचा कर्नल जसा जाणार तसाच, मोडेमसकट, तपासल्याशिवाय कशावरही सही करत नाही. वाट पाहण्यासाठी मधेच दोन मिलिसेकंदांची झोप घालून दोष “घालवणं” हे माझ्या चार टक्क्यांचंच भावंड. ती चार टक्क्यांची ओळ ही माझी खरी लाजेची गोष्ट आहे. पहिली चूक अज्ञानानं झाली. दुसरी करताना मला ठाऊक होतं की कारण सापडलेलं नाही.

दुरुस्तीच्या कमिटमध्ये या वेळी मी अठ्ठावीस ओळींचा संदेश लिहिला, बदल चार ओळींचा. पोच घेणारं वाचन परत आणलं. शिवाय मोजण्याआधी चिपला विचारलं, की ठोका खरंच तुझा का, आणि नसेल तर मोजू नको. संदेशात काय दिसत होतं, कधी दिसत होतं, का घडत होतं, कसं तपासलं, सगळं. खाली ‘फिक्सेस’ असं लिहून माझ्याच जुन्या कमिटच्या क्रमांकाची पहिली बारा अक्षरं. मुख्य कर्नलची ही शिस्त आहे. ती खूण बघून जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना कळतं, की दुरुस्ती कुठवर मागे न्यायची. त्या स्थिर आवृत्त्यांत जाणारा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींच्या वर नको, असाही नियम आहे. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. माझ्या त्या शनिवारच्या कमिटमध्ये समास आणि ही ओळ एकत्र नसती, तर कुणीतरी वाचताना नक्की अडलं असतं.

जमेल तेव्हा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये पाठवा, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. तिथले सांभाळणारे खडूस वाटतात. माझा पहिला पॅच तीनदा परत आला, दर वेळी प्रश्न तोच: का? घरात ठेवलेला पॅच मात्र घरातच शिळा होतो. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, आपण जुन्यालाच चिकटून राहतो. डबे भिंतीवर पंधरा वर्षं टांगलेले राहतात. 32 बिटांत सेकंद मोजणारी जुनी व्यवस्था 19 जानेवारी 2038 ला आपल्याकडे सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनंतर 1901 सालात उडी मारणार आहे. लिनक्सनं त्यावरचं बरंचसं काम 2020 च्या 5.6 आवृत्तीपर्यंत उरकलं. आमच्या डब्यांत त्याहून जुना कर्नल होता.

सोसायटीला मी लेखी कळवलं, चूक डब्याची. तात्या तेव्हा नायगावला एका इमारतीत लागले होते. शोधत गेलो. पंपघराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, मला लगेच ओळखलं. मी सगळं सांगितलं, रजिस्टर वगैरे सोडून.

“म्हणजे साहेब, ते जास्तीचं पाणी गेलं कुठं?”

“कुठंच नाही, तात्या. ते आलंच नव्हतं.”

ते बराच वेळ व्हॉल्वच्या चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मी आठ रात्री टाकीच्या झाकणावर झोपलो होतो. कोण काढतंय ते धरायला.”