कोथरूडात शहाणी, ताम्हिणीत वेडी

माझी प्रीमियर पद्मिनी १९७८ची. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगपाशी. आमच्या गल्लीत तिला आजही फियाटच म्हणतात. मागे एका पावसाळ्यात मी तिला प्लगचे दोन नवे सेट घातले, कार्बोरेटर खोलून घेतला आणि हेड उतरवायचा वारही ठरवून आलो होतो. दोष निघाला बोटाच्या पेराएवढ्या जागेत.

सासुरवाडी माणगावची, त्यामुळे ताम्हिणी घाट पाचवीला पुजलेला. कोथरूड ते पौड गाडी लोण्यासारखी जायची. माले मागे पडून मुळशीचं पाणी दिसू लागलं, की पावसाचा जोर वाढायचा आणि पहिल्या चढालाच मिसिंग सुरू. इंजिन लंगडायचं, सायलेन्सरमधून फट् फट्. मी गाडी कडेला घेऊन प्लग खोलायचो. तीन जण ठीक, तीन नंबरचा काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. पॉलिश पेपरने घासायचो, परत बसवायचो आणि गाडी चालायची. मला वाटे, माझ्या हाताला गुण आहे. खरं तर त्या दहा मिनिटांत गरम इंजिनाच्या धगीने बॉनेटखालची ओल सुकत होती, एवढंच.

याच घिसाडघाईत एकदा तापलेल्या इंजिनात प्लग तिरका बसवला. हेड अॅल्युमिनियमचं, आटे गेले. ते दुरुस्त करायला प्लगच्या पाच-सहा सेटचे पैसे मोजले. तेव्हापासून नियम: इंजिन गार होऊ द्यायचं, प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा आणि पाना फक्त शेवटी. नवा प्लग टेकला की साधारण अर्धा आटा पुरे.

मेकॅनिकने प्लग काढून ब्लॉकला टेकवला, स्टार्टर मारून दाखवला. ठिणगी कडक. ‘करंट बरोबर आहे, कार्बोरेटर बघू.’ मीही मान डोलावली. मोकळ्या हवेत ठिणगी पडायला फारसा जोर लागत नाही. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तिला उडी मारायची असते, आणि चढावर अॅक्सिलरेटर दाबला की तो दाब आणखी वाढतो. त्या वेळी बाहेर कुठे सोपी वाट मिळाली, तर करंट तिकडूनच पळतो. टेबलावर पास झालेला प्लग घाटात नापास होतो तो असा.

हे मला कळलं बायकोमुळे. रात्री आठ-साडेआठला घाट चढून निवेच्या अलीकडे थांबलो होतो. ती म्हणाली, ‘अहो, ही कोथरूडात कधी अडते का? पावसातच अडते. मग दरवेळी प्लग काय घासताय?’ तिने छत्री धरली, मी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि टॉर्च विझवला. मिट्ट काळोखात तीन नंबरच्या वायरवरून पत्र्याच्या क्लिपकडे निळी रेघ उडत होती. टिक, टिक, टिक. तिथे घासून घासून रबर सोललं होतं. इंजिन बंद केलं, वायर कोरडी पुसली, पिशवीचा बंद तोडून ती क्लिपपासून दूर बांधली. तशीच गाडी घरी आली, एकदाही न अडखळता.

आता कुणाची जुनी गाडी मिसिंग मारत असेल तर मी आधी विचारतो: कुठे, कधी, चढावर की सपाटीला, गार असताना की तापल्यावर? मग प्लग काढायला लावतो, पण पुसू देत नाही. जुन्या कागदावर एक-दोन-तीन-चार लिहून त्याच क्रमाने मांडायचे. मारी बिस्किटाचा रंग असेल तर सगळं ठीक. चारही कोरड्या काजळीने काळे, तर चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. तेलकट ओल दिसली तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. पांढरेफटक, फोड आल्यासारखे, तर मिश्रण पातळ किंवा टायमिंग पुढे गेलंय. तशी गाडी दामटू नका. आणि एकच ओला निघाला, तर तो शेजारच्या प्लगशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर हलला तर प्लग बदला. जागेवरच राहिला तर वायर, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधली केसाएवढी चीर किंवा व्हॉल्व्ह. मी हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वायरी काढताना चिकटपट्टीवर नंबर घाला. पद्मिनीची फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. काळोखातली परीक्षा मात्र पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री करूनच, आणि वायरींना हात न लावता.

दुसऱ्या कंपनीचा प्लग घेताना नुसता आकडा जुळवू नका. बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम, एनजीकेमध्ये आकडा वाढला की थंड! गॅप फिलर गेजने बघा. पॉइंटच्या माझ्या गाडीला ०.६ मिमी मानवतो.

वायरींचा नवा सेट घातल्यावर मी बिस्किटाच्या डब्यातून जुने प्लग काढले, पेट्रोलने धुतले, गॅप लावला. सध्या गाडीत आहेत ते तेच.