द्राक्षाच्या रोपाची घाई नको गं

नाशिकहून हौसेनं आणलेलं कलम अजून पिशवीतच आहे म्हणून जीव टांगणीला लावू नकोस. बघ, मिरगाचा पाऊस पडला की आपल्या डोळखांबात सगळ्यांचे हात शिवशिवतात. आंबा, शेवगा, दुधीचा वेल, जे हाती लागेल ते आपण तेव्हाच पुरतो. द्राक्षाला ते चालत नाही. खरं सांगू का, कोवळ्या वेलाला आपला धो धो पाऊस सोसतच नाही. मुळं गुदमरतात आणि पानांवर केवडा नि करपा हजर!

तेव्हा संक्रांत होऊ दे, थंडी ओसरू दे. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी ही लावायची वेळ. घाटापलीकडे नाशकातही नव्या बागेसाठी डॉगरिजची खुंटरोपं साधारण तेव्हाच लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यांच्यावर कलम भरतात. तेव्हा लावलंस की पावसाआधी तीन-चार महिने मिळतात, मूळ धरतं, खोड दणकट होतं. तोवर पिशवी लहान पडली तर मोठीत हलव आणि पावसात पडवीत ठेव, एवढंच.

लावण्याआधी आठवडाभर रोपाला हळूहळू उन्हाची सवय कर. खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मातीत कुजलेलं शेणखत, तळाला थोडा मुरूम. भातखाचराच्या कडेला मुळीच नको गं! उंचवट्यावर, दिवसभर ऊन येईल तिथेच लाव. पिशवी ब्लेडनं काप, मुळांभोवतीची माती फुटू देऊ नकोस. कलमाचा सांधा मातीच्या वर चांगला वीतभर राहू दे आणि सांध्याखाली फुटवा आला की लगेच खुड, तो खुंटाचा असतो. लावायचं संध्याकाळी. पाणी बेतानं, माझा हात इतका सैल की घरचे मला पाणीपुरवठा खातं म्हणतात, तू तशी होऊ नकोस.

शेजारी नक्की विचारतील, 'इथे कुठे द्राक्षं होतात?' बाग नाही होणार, हे खरंच आहे. पण अंगणातल्या मांडवावर एखादा वेल तू सहज सांभाळशील. पहिल्या वर्षी घोसाची वाट बघू नकोस, वेल नुसता मांडवापर्यंत चढव. पुढे फळासाठी छाटायची वेळ येईल तेव्हा पाऊस पूर्ण गेल्याशिवाय, म्हणजे ऑक्टोबर सरत आल्याशिवाय, कात्री हातात घेऊ नकोस. आणि यंदा जूनमध्ये कुणी 'लाव, लाव' म्हणालं तर खुशाल मान हलव, रोप मात्र हलवू नकोस.