जीपचा डिफरन्शियल घोंघावतोय. बांधायचा की नाही?

प्रश्न : माझ्या जुन्या महिंद्रा जीपचा मागचा डिफरन्शियल घोंघावतो. मेकॅनिक क्राउन-पिनियन बदला म्हणतो. काय करावे?

उत्तर : घाई नको, आधी आवाज ओळखा. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना सूर बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनवर. पाय कसाही ठेवला तरी तोच राहत असेल तर बहुधा बेअरिंग. गिअर टाकताच ‘खट्’ होत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस पाहा. त्यांचा दोष कित्येकदा डिफरन्शियलच्या माथी मारला जातो.

मग ऑइल काढून त्यात चुंबक फिरवा. बारीक करडा लगदा वयोमानाचा. बोटाला टोचणारे तुकडे आले तर हाउसिंग उघडाच. दात गुळगुळीत असतील तर बेअरिंग, सील आणि नव्या शिमच्या सेटिंगवर भागते. दातांवर खड्डे किंवा टवके असतील, तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदला. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. विकत घेताना दात मोजाच. जुन्या अनेक जीपमध्ये ते ४३ आणि ८ असतात, म्हणजे रेशो ५.३८. पुढच्या-मागच्या ॲक्सलचा रेशो जुळला नाही, तर फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्सफर केसवर भलताच ताण येतो. आणि डायल गेज नसलेल्या गॅरेजला हे काम देऊ नका.