मोहाचं मडकं आणि पफ-३

माझं गाव धडगाव तालुक्यात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहाची फुलं वेचायची आणि वाळवायची, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. आजी ती फुलं मडक्यात भिजत घालते. काही दिवस बुडबुडे येतात. ते थांबले की तिची घाई सुरू : "आता ठेवलं तर जोर जाईल." पहिल्या वर्षी हॉस्टेलवर हे सांगायची मला लाज वाटायची. पुढे बायोटेक्नॉलॉजीच्या सेमिनारला माझ्या वाट्याला यीस्ट आलं, आणि आजीचं वाक्य आठवलं.

बुडबुडे म्हणजे यीस्टने साखर खाऊन सोडलेला कार्बन डायऑक्साइड. त्याबरोबर अल्कोहोलही तयार होतं. साखर संपली आणि हवा मिळाली की यीस्ट तेच अल्कोहोल खाऊ लागतं. मडकं आंबट होतं ते मात्र जिवाणूंमुळे. अल्कोहोल वापरायचं तर पेशीतले पॉवर हाऊस, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, जोरात चालवावे लागतात. हा बदल कोण घडवतं?

डीएनए ही ऑफिसातली मूळ प्रत, तर एमआरएनए तिची झेरॉक्स. रायबोसोम ती वाचून प्रथिन बनवतो. यीस्टमध्ये ही झेरॉक्स बहुधा काही मिनिटंच टिकते. ती किती टिकावी आणि किती वाचली जावी, यावर आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांचा ताबा असतो. पफ-३ हे त्यातलंच एक. एमआरएनएच्या शेपटाकडे 'यूजीयूए'ने सुरू होणारी खूण दिसली की ते तिथे बसतं. ही खूण मुख्यतः मायटोकॉन्ड्रियाच्या कामाच्या प्रतींवर असते.

साखर भरपूर असताना पफ-३ मुळे या प्रती लवकर नष्ट होतात. ऑलिव्हास आणि पार्कर यांनी २००० साली कॉक्स-१७ च्या प्रतीवर हे दाखवलं. पुढची गंमत २०१५ मध्ये ली आणि टू यांनी दाखवली. ग्लुकोज संपलं की पफ-३ वर फॉस्फेट बसतात, आणि तेच प्रथिन त्याच प्रतींपासून प्रथिनं बनवायला मदत करतं. जणू नोटीस फाडणारा शिपाईच परीक्षा जवळ येताच ती मोठ्याने वाचून दाखवू लागला! कंट्रोल सिस्टिमवाल्यांनी लक्षात घ्यावं : पार्ट तोच, फक्त सिग्नल बदलला.

सुट्टीत हे आजीला सांगायला बसलो. पावरीत मायटोकॉन्ड्रिया कसं सांगायचं ते सुचेना. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे हवा लागू द्यायची नाही, असंच ना?"

सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर मी मडक्याचंच चित्र काढलं.