चढवलेली स्प्रिंग उतरवावी कशी?



जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहे. केळीच्या बागेवर राखणीसाठीही कोणी कोणी तशी बंदूक बाळगतो. तिला आपण छऱ्याची बंदूक म्हणतो. तिच्यात दारू नसते, म्हणून पुष्कळ लोक तिला खेळणे समजतात. ती खेळणे नाही. या अंकात आम्ही तिच्याविषयी एकच प्रश्न घेत आहोत: स्प्रिंग चढवली, पण आता नेम मारायचा नाही असे ठरले, तर बंदूक न झाडता ती स्प्रिंग उतरवावी कशी?

आतली रचना

बंदुकीच्या मधल्या भागात एक लोखंडी नळकांडे असते. त्यात दट्ट्या असतो व दट्ट्याच्या मागे जाड स्प्रिंग. पुढची नळी बिजागरीवर खाली मोडली की एक दांडा दट्ट्याला मागे ढकलतो आणि स्प्रिंग दाबली जाते. शेवटी ‘खट्’ असा आवाज येतो. याचा अर्थ दट्ट्या चापाच्या आकड्यात अडकला. मग छर्रा घालून नळी सरळ करतात. चाप ओढताच आकडा सुटतो, दट्ट्या पुढे धावतो, पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छऱ्याला बाहेर फेकते.

किती शक्ती साठते?

समजा, नळीचे टोक आपण सरासरी ६० न्यूटन बलाने ५० सेंटिमीटर ओढले. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. ६० × ०.५ = ३० जूल. यातला बराचसा भाग स्प्रिंगमध्ये स्थितिज ऊर्जा म्हणून साठतो. तीन किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पायावर पडला तर जवळजवळ इतकीच ऊर्जा असते. ही ऊर्जा आकड्याच्या लहानशा टोकावर अडून बसलेली असते, हे ध्यानात ठेवा.

तीन चुकीचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे छर्रा न घालता चाप ओढणे. छर्रा असला की नळीचे तोंड क्षणभर बंद राहते, हवा दाबली जाते आणि ती हवाच दट्ट्याला गादीसारखी थोपवते. छर्रा नसेल तर हवा सरळ निघून जाते व दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो. त्याने दट्ट्याचे वॉशर व स्प्रिंग खराब होते.

दुसरा मार्ग म्हणजे नळी मोडलेली असताना, ती न धरता चाप ओढणे. मग नळी झटक्याने वर येते. ती वाकू शकते, आणि मध्ये बोट आले तर बोट चेंगरते.

तिसरा मार्ग म्हणजे चढवलेली बंदूक तशीच कोपऱ्यात ठेवून देणे. हा सर्वांत वाईट. स्प्रिंग मंदावते हे नुकसान थोडे आहे. घरातले लहान मूल ती उचलील, हा खरा धोका आहे. छर्रा डोळ्याला लागला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

योग्य रीत

हे काम मोठ्या व जाणत्या माणसाचे आहे. मुलांनी ते समजून घ्यावे, करू नये.

१. बंदुकीसोबतची माहितीपुस्तिका आधी वाचावी. काही बंदुकांत नळी मोडलेली असताना चाप चालू नये अशी अटकाव-कळ असते. अशी बंदूक या रीतीने उतरत नाही. तिच्यावर जोर करू नये.

२. तोंड सदैव निर्धोक दिशेला ठेवावे. समोर माणूस वा जनावर नको.

३. नळी मोडून आत छर्रा नाही हे पाहावे. छर्रा आत असेल किंवा अटकाव-कळ असेल, तर मोकळ्या जागी मातीच्या जाड ढिगावर छर्रा मारून बंदूक रिकामी करणे हाच मार्ग.

४. दस्ता मांडीला घट्ट टेकवावा. एका हाताने नळीचे टोक पूर्ण मुठीत धरून, स्प्रिंग चढवताना जिथपर्यंत नेतो तिथपर्यंत खाली ओढून धरावे. बोटे बिजागरीच्या फटीपासून दूर असावीत.

५. सुरक्षा-कळ असेल तर ती काढून दुसऱ्या हाताने चाप ओढावा. आकडा सुटताच स्प्रिंगचा सगळा भार मुठीत येतो.

६. आता नळी हळूहळू वर येऊ द्यावी. पूर्ण सरळ होईपर्यंत मूठ सोडू नये.

ऊर्जा तीच, ३० जूलच्या आसपास. झाडली तर ती एका क्षणात सुटते, उतरवली तर हाताच्या ताब्यात सावकाश परत येते. आपल्या बऱ्हाणपुरात यंत्रमाग असलेल्या घरांतील मुलांना हे लगेच पटेल. तिथेही पहिला नियम हाच: आधी माग थांबवा, मग हात घाला.

कायदा व आदर्श

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० जूलपेक्षा अधिक शक्तीच्या किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. कमी शक्तीच्या बंदुकीनेही वन्य पक्षी मारणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अपराध आहे. पोपटावर नेम धरणे म्हणजे बहादुरी नव्हे.

नेमबाजी शिकायचीच असेल तर आदर्श आपल्या जवळच आहेत. निमाडातील खरगोन जिल्ह्याच्या रतनपूर गावचा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील आणि दिव्यांश सिंह पंवार यांनी २५ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत १० मीटर एअर रायफलचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्यांचे १८९३.७ गुण हा त्या वेळचा विश्वविक्रम होता. स्पर्धेच्या आजच्या रायफली स्प्रिंगच्या नसतात, त्यांत दाबलेली हवा भरलेली असते. शिस्त मात्र तीच. नेम संपला की रायफल रिकामी करून नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालावी लागते, म्हणजे ती रिकामी आहे हे दुरूनही दिसते.

पालकांना आमची विनंती आहे की घरात अशी बंदूक असेल तर आजच पाहावी, उतरवलेली असावी व कुलपात असावी.

स्वाध्याय

१. सरासरी ४५ न्यूटन बलाने नळीचे टोक ६० सेंटिमीटर ओढले, तर किती जूल कार्य झाले?
२. छर्रा नसताना चाप ओढल्यास दट्ट्याला इजा का होते?
३. घरातील अशा तीन वस्तू लिहा, ज्यांत दाबलेल्या किंवा ताणलेल्या स्प्रिंगची ऊर्जा साठते.