ॲप येण्याआधी माहितीची वाट काढूया



गटाच्या नोंदी आता वहीतून मोबाईलवर जाऊ लागल्यात. ॲप बनवणारा माणूस बाहेरचा असतो. आपली बैठक कशी चालते, हे त्याला आपणच सांगायचं. तोंडी सांगितलं की काहीतरी राहून जातं, म्हणून चित्र काढायचं. सॉफ्टवेअरवाले त्याला 'डेटा फ्लो डायग्राम' म्हणतात, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते त्याचं चित्र. ही पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. कॉम्प्युटर लागत नाही. खडू आणि फरशी पुरे.

खुणा चारच आहेत :

१. चौकोन – माहिती देणारे-घेणारे बाहेरचे. उदा. सदस्य, बँक.
२. गोल – काम. उदा. 'हप्ता जमा करणे'.
३. दोन आडव्या रेषा – माहिती साठते ती जागा. उदा. कर्ज खतावणी.
४. बाण – जाणारी माहिती. बाणावर तिचं नाव लिहायचंच.

आता उदाहरण घेऊ. समजा, एका ताईचं ५,००० रुपये कर्ज बाकी आहे, व्याज दरमहा १ टक्का. तिने ७०० रुपये दिले. 'सदस्य' चौकोनातून 'हप्ता जमा करणे' या गोलाकडे बाण काढा. खतावणीतूनही त्याच गोलाकडे बाण हवा, कारण जुनी बाकी कळल्याशिवाय व्याज निघणार कसं? गोलात हिशोब होतो : बचत १००, व्याज ५०, मुद्दल ५५०. मग नवी बाकी ४,४५० खतावणीकडे जाते, बचतीचे १०० बचत खात्याकडे. आणि एक बाण परत त्या ताईकडे, तिच्या पासबुकातली नोंद.

हा शेवटचा बाणच बरेचदा सुटतो. चित्रात सुटला की ॲपमध्येही सुटतो. मग बाकी मोबाईलमध्ये राहते आणि जिचं कर्ज, तिलाच ती माहीत नसते.

चित्र झालं की तीन गोष्टी तपासा :

• गोलात माहिती जाते, पण बाहेर काहीच येत नाही? मग ती कुठे अडकली ते शोधा.
• गोलातून आकडा निघतो, पण आत काहीच जात नाही? मग तो आकडा आला कुठून?
• चौकोनातून थेट वहीकडे बाण आहे? मध्ये गोल हवाच. नोंद कुणीतरी करतं, ते काम दाखवा.

एक लक्षात ठेवा. बाण रोकड दाखवत नाही, माहिती दाखवतो. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हेही या चित्रात नसतं. ते वेगळं लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत 'नवीन कर्ज मागणी' याचं चित्र सगळ्यांनी मिळून काढा. लिहिता न येणाऱ्या ताईंनाही गोल-चौकोन कळतात, त्यांना आवर्जून विचारा, "तुला काय कळायला हवं?" त्यांच्या उत्तराचा बाण चित्रात नक्की काढा.